नवाची शेपटी

उंदरांनी एकदा न्याय कुरतडला होता, आणि हे अलंकारिक विधान नव्हे. बारा वर्षांपूर्वी शस्त्र तपासणी प्रयोगशाळेच्या तळघरातल्या लोखंडी कपाटात घरगुती बनावटीची दोन पिस्तुले शेजारीशेजारी ठेवलेली होती. प्रत्येकाच्या घोड्याला दोरी, दोरीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर खळीने चिकटवलेला कागद. खळ पिठाची होती. उंदरांनी आधी खळ खाल्ली, मग कागद, मग तोंडी लावायला दोरी. सकाळी कपाट उघडले तेव्हा दोन्ही पिस्तुले निनावी होऊन पडलेली. कोणते कोणत्या खुनातले, हे ओळखताना गल्लत झाली आणि त्या गल्लतीपायी एक निर्दोष माणूस दीड वर्ष आत बसला, तर एक दोषी माणूस कायमचा बाहेर राहिला. चौकशीसाठी तिघांची समिती नेमली गेली. समितीने अकरा बैठका घेऊन निष्कर्ष काढला की उंदरांचा बंदोबस्त करण्यात यावा.

अक्षरताई त्या निष्कर्षासाठी थांबल्या नाहीत. त्या दिवसापासून जे शस्त्र क्रमांकाशिवाय येईल, त्याच्या मुठीखालच्या धातूवर त्यांनी स्वतःच्या हाताने नोंदवहीतला क्रमांक कोरायला सुरुवात केली. धातू उंदीर खात नाहीत.

त्यांचे खरे नाव हजेरीपटापुरते उरले होते. सव्वीस वर्षे त्या वरिष्ठ तपासणीस होत्या आणि शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना अक्षरताईच म्हणत. वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत. त्यांनी लेकीकडून लहानपणी एक नऊचा आकडा दोनशे वेळा गिरवून घेतला होता. "नवाची शेपटी आत घे, पोरी," ते म्हणत. "बाहेर ठेवलीस तर शेजारच्या आकड्याच्या पायात येते." ती आत वळलेली शेपटी ताईंच्या हातात मुरली होती. भिंगाखाली, टोकदार लेखणीने, श्वास धरून त्या क्रमांक कोरीत, तेव्हा जुना शिपाई मागे उभा राहून म्हणे, "चला, अनाथाला आडनाव मिळालं."

त्यांची दुसरी विद्या याच्या नेमकी उलट होती. कारखान्यात ठोकलेला क्रमांक गुन्हेगार कानसीने घासून काढतात. पण ठोक्याची इजा धातूत खोलवर उतरलेली असते. पृष्ठभाग आरशासारखा करून त्यावर आम्ल फिरवले की गेलेले आकडे काही क्षण वर येतात, बुडालेल्या माणसाने शेवटचे डोके काढावे तसे. ताई ते क्षण टिपत. घासणाऱ्यांविषयी त्यांना एक तऱ्हेचा आदरही होता. जो घासतो तो निदान कबूल करतो, की लपवण्याजोगे काही होते.

अलीकडे मात्र येणाऱ्या शस्त्रांवर घासायलाही काही नसे. पिस्तुलाचे अर्धवट घडवलेले ठोकळे 'शोभेची वस्तू' म्हणून उघड विकले जात. घेणारा ते कुठल्यातरी यंत्रावर पुरे करून घेई. विकणारे म्हणत, आम्ही धातूचा तुकडा विकतो. पुरे करणारे म्हणत, आम्ही गिऱ्हाइकाचे काम करतो. गिऱ्हाईक म्हणे, मी स्वसंरक्षण करतो. या साखळीत खून कुणीच करत नसे. तो आपोआप होत असावा.

असा एक खून छायाप्रती काढण्याच्या दुकानात झाला होता. रांगेत आधी कोण, यावरून दोन पुरुषांची हमरीतुमरी झाली. एकाने पिस्तूल काढले. दुसरा खाली वाकला. त्याच्यामागे परीक्षेचा अर्ज हातात घेऊन उभी असलेली एकोणीस वर्षांची मुलगी वाकली नाही, कारण तिचे लक्ष अर्जात होते.

तिची आई शिवणकाम करी. गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप झाली, पण बाईचे समाधान झाले नाही, आणि होण्याचे कारणही नव्हते. पिस्तूल घडवणारा मिस्त्री दारांच्या बिजागऱ्या आणि कड्या करणाऱ्या आपल्या कारखान्यात पूर्ववत घाम गाळत होता. त्याच्या यंत्राच्या पात्याला एक बारीक खोच होती. तिची तिरपी रेघ त्या पिस्तुलावर उमटली होती. ताईंनी ती रेघ ओळखली, अहवालात लिहिली. पण घडवणे हा तेव्हा गुन्हाच नव्हता. ठोकळा शोभेचा, मिस्त्री कारागीर, आणि कायदा मुका.

मग कायदा बोलू लागला. शिवणवाली बाई आठ महिने लोकप्रतिनिधींच्या दारात बसली, वर्तमानपत्रांनी तिचे फोटो छापले, आणि क्रमांकहीन शस्त्र बनवणे व बाळगणे यास दहा वर्षे कैद, असा कायदा झाला. दोनच महिन्यांनी मिस्त्रीच्या कारखान्यावर छापा पडला. बिजागऱ्यांच्या खोक्यात सहा तयार पिस्तुले सापडली. सहाही गुळगुळीत आणि क्रमांकहीन, सहांवर तीच तिरपी रेघ. मुलीच्या खुनाबद्दल नाही तरी या सहांबद्दल तो आत जाणार होता. आईला तेवढे पुरे होते. नव्या कायद्याखालचा तो पहिलाच खटला.

सहा पिस्तुले प्रयोगशाळेत आली. ताईंनी बारा वर्षांच्या शिस्तीने प्रत्येकावर क्रमांक कोरला.

*

खटल्याच्या गुरुवारआधीच्या रविवारी त्यांचा धाकटा भाऊ आला. तो विधी खात्यात मसुदाकार होता. कायद्याचे शब्द जुळवणे हे त्याचे काम आणि व्यसनही. एरवी तो आला की आधी चहा मागे. आज त्याने काखेत राजपत्राची घडी धरलेली होती, आणि चेहरा धुऊन वाळत घातल्यासारखा.

ताईंचे यजमान स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वाटाणे सोलत होते. "या मेहुणे," ते म्हणाले. "सरकार आज रविवारीही चालू?"

धाकट्याने घडी टेबलावर ठेवली. "ताई, तू त्या पिस्तुलांवर अजून नंबर घालतेस?"

"मग काय उंदरांना घालू देऊ?"

"मिस्त्रीच्या सहांवर पण घातलास?"

"सहांवर पण. आणि एकावरही आकडा हललेला नाही. का?"

त्याने घडी उलगडली, बोटाने ओळ शोधली आणि वाचली. "'क्रमांकहीन शस्त्र म्हणजे, ज्या अग्निशस्त्रावर, ते न्यायालयापुढे आणतेवेळी, सुवाच्य क्रमांक कोरलेला नसेल, असे अग्निशस्त्र.'"

एक वाटाणा टेबलावरून घरंगळत खाली पडला. कुणी तो उचलला नाही.

"पुन्हा वाच," ताई म्हणाल्या.

त्याने पुन्हा वाचले. शब्द तेच होते.

"हे तू लिहिलंस?"

"मी 'निर्मितीच्या वेळी' असं लिहिलं होतं. समितीत एकजण जुन्या बंदुकांचा शौकीन निघाला. त्याच्या पणज्याच्या बंदुकांवर नंबर नाहीत. तो म्हणाला, आम्ही आता घालून घेऊ, आम्हाला का गुन्हेगार ठरवता? म्हणून ते शब्द काढले, हे घातले. शिवाय नंबर घातलेलं कुठलंही शस्त्र, नंबर घातल्यापासून नव्वद दिवसांत नोंदवून घेता येईल, अशी सवलत दिली."

"आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास."

"बसलो." तो राजपत्राकडे बघत राहिला. "खरं सांगू? वाक्य सुटसुटीत झालं होतं, ताई. माझं जरा लांबत होतं."

ताईंना त्याची किळस आली, आणि लगेच लक्षात आले की राजपत्र त्यांच्याकडेही आले होते. त्यांनी ते वाचले होते. 'सुवाच्य' या शब्दाशी पोचल्यावर त्यांना, देव जाणे का, बरे वाटले होते. भावाला वाक्याचा मोह आणि बहिणीला आकड्याचा. एकाच पाटीवाल्याची लेकरे.

"करायला जावं एक आणि व्हावं भलतंच, हे ऐकून होतो," यजमान हळूच म्हणाले. "बहीणभावांनी वाटून घेऊन केलेलं पहिल्यांदा बघतोय."

"भावोजी, प्लीज."

"अहो, मी तरी काय करू? मला वाटाण्यातलंच कळतं. किडका असला की बाजूला काढतो."

धाकटा बहिणीकडे वळला. "सध्या ती पिस्तुलं कुठं आहेत?"

"माझ्या कपाटात. गुरुवारी कोर्टात न्यायचीत."

"म्हणजे न्यायालयापुढे अजून आणलेली नाहीत." एवढे बोलून तो थांबला.

"बोल ना पुढं. जीभ का चावतोस?"

"मी काही म्हटलेलं नाही."

"तू म्हणत नाहीस ते मला पाळण्यापासून ऐकू येतं," ताई म्हणाल्या, आणि चहा न देताच त्यांनी भांडी आवरायला घेतली.

*

सोमवारी साहेबांनी बोलावले. साहेब हे असे गृहस्थ, की आयुष्यात त्यांच्या हातून काहीही घडले नव्हते. सगळे 'करण्यात आले' होते. खिडकी उघडण्यात येई, चहा घेण्यात येई. सरकारी वकिलांचा त्यांना फोन आलेला होता.

"बसा, अक्षरताई. एक असं आहे, की त्या सहा नगांच्या पृष्ठभागावर थोडी स्वच्छता करण्यात आली तर बरं होईल, असं एक मत आहे."

"कुणाचं मत?"

"मत आहे."

"आणि स्वच्छता कुणी करायची?"

"करण्यात यावी."

"साहेब, सरळ बोला की. नंबर घासून काढू म्हणता?"

साहेबांनी दाराकडे पाहिले. दार बंद करण्यात आलेले होते. "एका खुन्याचा पुरवठादार सुटेल. ती आई रोज दारात बसते. हेतू शुद्ध आहे. आणि क्रमांक आपलाच. आपलंच आपण पुसायचं, त्यात गुन्हा कसला?"

"नोंदवहीत आहे, साहेब. त्या नोंदीवर माझी सही आहे."

"नोंदवही जुनी झालीय. नवीन करण्यात येते कधीकधी."

"घासलेले नंबर वर काढायला सव्वीस वर्षं बसलेय मी इथं. आता घासायलाही मीच?"

"तुमच्याइतकं सफाईनं दुसरं कोण करणार?" साहेब म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर निखळ कौतुक होते.

ते कौतुक ताईंच्या अंगावर तेलकट डागासारखे राहिले. त्या खाली आल्या, कपाट उघडले, सहांतले एक पिस्तूल टेबलावर ठेवले. शेजारी कानस ठेवली, पॉलिशचा कागद ठेवला. काम अर्ध्या तासाचे. क्रमांक कारखान्याच्या ठोक्याइतका खोल नव्हता; लेखणीचाच होता. चांगला हात असेल तर मागमूस राहणार नाही. आणि हात चांगला होता, हे साहेबांनीच सांगितले होते. त्यांना शिसारी आली ती खोटेपणाची नव्हे, त्याच्या सोपेपणाची. इतकी वर्षे त्यांना वाटत आले होते, की त्या आणि कानसवाले यांच्यामध्ये भिंत आहे. बघायला गेले तर एक टेबल होते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खुर्ची त्यांचीच.

कानस तशीच ठेवून त्यांनी पिस्तूल कपाटात परत टाकले. कुलूप दोनदा ओढून पाहिले.

*

मंगळवारी शिवणवाली आली. ती नेहमी बाकाच्या कडेला बसे, जणू उरलेली जागा कुणासाठी राखून ठेवलेली आहे. गळ्यात मोजपट्टी तशीच होती. काम टाकून आली असावी. ताई तिच्याशेजारी बसल्या.

"वकीलसाहेबांनी सांगितलं मला," ती म्हणाली. "मी शिकलेली नाही, पण समजलं. त्याच्यावर आकडे आहेत म्हणून तो सुटतोय. आणि आकडे तुमचे आहेत."

"हो."

"तुम्ही ते चांगल्यासाठी घातले."

"हो."

"मग चांगल्यासाठी काढा की." तिने मोजपट्टी बोटाभोवती गुंडाळली. "चुकलेली शिवण मी दिवसातून दहा वेळा उसवते, बाई. त्यात काय लाज? उसवायचं, इस्त्री मारायची, पुन्हा शिवायचं."

"उसवलं तरी सुईचे टोच राहतात ना?"

"राहतात."

"धातूतही राहतात."

"कपडा अंगाला बसला की झालं," शिवणवाली म्हणाली. "टोच कोण बघतं?"

"मी बघते. तेवढ्यासाठीच मला इथं ठेवलंय. आज मी एक आकडा घासला, तर उद्या मी वर काढलेल्या कुठल्याच आकड्यावर कुणी विश्वास का ठेवावा? मी वर काढलेल्या आकड्यांवर माणसं आत बसलीत. ती सगळी दारं उघडतील."

शिवणवालीने हे ऐकून घेतले. दुसऱ्यांच्या लेकींचे माप घेताना जसे ऐकतात तसे, मान हलवत, आकडे लक्षात ठेवत. मग ती उठली.

"माझं एकच दार होतं, बाई," ती म्हणाली. "तुम्ही बघणाऱ्या. मग बघा."

बाक रिकामा झाला. ताई त्याच्या मधोमध बराच वेळ बसून होत्या, आणि आपण बरोबर आहोत हे त्यांना इतके घृणास्पद कधीच वाटले नव्हते.

*

गुरुवारी न्यायालयात सहा पिस्तुले हिरव्या कापडावर मांडली गेली. मिस्त्री नीट दाढी करून आला होता. त्याचे हात मोठे, नखे स्वच्छ. देवमाणूस दिसत होता. त्याच्या वकिलाच्या जिभेवर साखर होती.

"ताई, आपण शपथेवर आहात. आपल्यासारखी तज्ज्ञ व्यक्ती दुसरी नाही, म्हणून अगदी सोपं विचारतो. या पहिल्या वस्तूवर मुठीखाली काही कोरलेलं आहे का?"

"आहे."

"काय?"

"क्रमांक."

"वाचता येतो?"

"येतो."

"भिंगाशिवाय?"

"भिंगाशिवाय."

"म्हणजे सुवाच्य. वा! मी म्हणतो, आमच्या शाळेच्या दाखल्यावरसुद्धा इतकं सुंदर अक्षर नव्हतं." मागे कुणीतरी हसले. "बाकीच्या पाचांवर?"

"तसंच."

वकील खाली बसला. त्याला आणखी काही नको होते. सरकारी वकील धडपडत उठले.

"हा क्रमांक कुणी कोरला?"

"मी."

"जप्तीच्या वेळी तिथे काय होतं?"

"काहीही नव्हतं. सहाही गुळगुळीत होती. ज्यानं घडवली त्याला ती निनावीच हवी होती. मी ते अहवालात लिहिलंय."

न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी राजपत्र डोळ्यांजवळ धरून ती ओळ दोनदा वाचली. ताईंना त्यांचे ओठ हलताना दिसले. "ही व्याख्या ज्यांनी केली," ते अखेर म्हणाले, "त्यांनी क्रमांक कुणी घातला आणि कधी घातला हे विचारलेलं नाही. ते विचारायला हवं होतं असं माझं मत आहे. पण मला इथं मतासाठी बसवलेलं नाही." आणि त्यांनी कायद्याने सांगितले तेच केले. आरोपी निर्दोष. वस्तू क्रमांकित असल्यामुळे प्रतिबंधित नाहीत. नव्वद दिवसांच्या सवलतीत नोंदणी केल्यास मालकास परत द्याव्यात.

शिवणवाली मागच्या बाकावर होती. तिने गळ्यातली मोजपट्टी काढली, घडी केली आणि पिशवीत ठेवली.

मिस्त्री तीन आठवड्यांनी नोंदणीचे कागद घेऊन प्रयोगशाळेत आला. कागद चोख होते. ज्या पिस्तुलांना जगात कुठे थारा नव्हता, त्यांना आता मालक होता, शिक्का होता, पत्ता होता. आणि हे सगळे त्यांना अक्षरताईंनी मिळवून दिले होते. त्याने एकेक उचलून उजेडात धरले आणि क्रमांकावरून अंगठा फिरवला.

"ताई, राग मानू नका," तो म्हणाला. "पण हात सोन्याचा आहे तुमचा. कारागीर म्हणून सांगतो. ही नवाची शेपटी आत कशी काय घेता? आमची बाहेरच जाते."

"पोच लिहा," ताई म्हणाल्या.

"लिहितो की. आमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय." त्याने सही केली, सहा नग पिशवीत भरले, दाराशी नमस्कार केला. तो गेल्यावर ताईंनी टेबल स्पिरिटने पुसले. मग स्वतःची बोटे पुसली. मग पुन्हा टेबल.

*

पुढच्या पाच महिन्यांत दोनच गोष्टी घडल्या. धाकट्याने दुरुस्तीचा मसुदा तयार केला, लांबलचक आणि ओबडधोबड वाक्यात. तो समितीपुढे गेला आणि समिती जुन्या बंदुकांच्या शौकिनाच्या सवडीची वाट पाहू लागली. आणि साहेबांकडून परिपत्रक काढण्यात आले, की यापुढे कोणत्याही शस्त्रावर कोणतीही खूण करण्यात येऊ नये. पूर्वीप्रमाणे दोरी व चिठ्ठी वापरावी.

एका सकाळी फौजदार आला. ओळखीचा होता, एरवी सुतकी चेहऱ्याचा. आज मात्र खुशीत होता. टायरच्या दुकानात एकाला गोळी लागली होती, माणूस जागीच गेला होता, आणि पिस्तूल मिळाले होते.

"बाई, तुम्हाला आनंदाची बातमी. अशा घरगुती मालाचा पहिल्यांदाच माग लागलाय. याच्यावर नंबर आहे! नोंदणी कार्यालयात विचारलं, त्यांनी पटकन त्या मिस्त्रीचं नाव सांगितलं. आणि माग कुठं लागला माहितीय?" त्याने पाकीट टेबलावर ठेवले. "तुमच्याच दारात. नंबर तुमच्या प्रयोगशाळेचा आहे."

ताईंनी हातमोजे घातले, पिस्तूल उलटे केले. मुठीखाली क्रमांक होता. त्यात नऊ होता. नवाची शेपटी आत वळलेली होती.

क्षणभर, आणि तो क्षण त्यांना पुढे कधीच माफ करता आला नाही, त्यांना सांगता येईना. दुसऱ्यांचे हात ओळखण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना आपला हात ओळखण्यासाठी नोंदवही काढावी लागली. तो क्रमांक मिस्त्रीने नेलेल्या सहांपैकी तिसऱ्याचा होता. त्यांनी तिसऱ्याची मापे काढली, ताडून पाहिली. हे ते नव्हते. नळी आखूड होती, आणि पात्याच्या खोचेची तिरपी रेघही कुठे नव्हती. ती कशी असेल? खोच कुठे आहे आणि ती कशी दिसते, हे ताईंनी आपल्या अहवालात आकृतीसह समजावले होते, आणि अहवालाची प्रत आरोपीला कायद्यानेच मिळाली होती.

त्यांनी भिंग खाली आणले. शेपटी आत घेताना लेखणी वळणावर किंचित थबकली होती. हात शिकलेला होता, पण उपजत नव्हता. कुणीतरी हा नऊ बसून गिरवला होता. शंभर वेळा, कदाचित दोनशे वेळा. वडिलांच्या पाटीसमोर ताई बसत, तशाच चिकाटीने.

मग बघा, शिवणवाली म्हणाली होती. ताई बघत राहिल्या.

"अशी किती असतील?" त्यांनी विचारले.

"कशी?"

"या नंबरची."

फौजदाराची खुशी हळूहळू उतरली. "मिस्त्रीला उचलू का?"

"उचला. तो आपलं तिसरं पिस्तूल दाखवेल, नोंदणीसकट, तेलपाणी केलेलं. म्हणेल, नक्कल कुणी केली मला काय माहीत. आणि हे क्रमांकहीन आहे असं तुम्हाला म्हणता येणार नाही."

"का नाही?"

"सुवाच्य आहे," ताई म्हणाल्या.

फौजदार गेल्यावर शिपायाने दोरी आणली, पुठ्ठ्याची चिठ्ठी आणली, खळीची वाटी आणली. नोंदवहीत या पिस्तुलाला पुढचा क्रमांक मिळायचा होता, आणि त्या क्रमांकातही एक नऊ होता. ताईंनी लेखणी उचलली. हात सवयीने वळणाशी आला. त्यांनी तो थांबवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा शेपटी बाहेर काढली. लांब आणि गबाळी. ती शेजारच्या आकड्याच्या पायात गेली.

शिपाई वाकून बघत होता. मग त्याने खळीची वाटी पुढे करत विचारले, "ताई, ही लावू का नको? उंदीर परत यायला लागलेत खाली."

"लाव," अक्षरताई म्हणाल्या. "त्यांनी खाल्लं ते निदान भुकेपोटी खाल्लं."